श्वासाकडे बघवत नसेल तर

कोथरूडच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय ३८, नोकरी हिंजवडीत, आयटी कंपनीत. कंपनीच्या आरोग्य सप्ताहात माइंडफुलनेसची, म्हणजे सजगतेच्या ध्यानाची ओळख झाली. सुरुवातीला ॲप लावून रोज दहा मिनिटं बसत होत्या आणि बरं वाटत होतं, चिडचिड कमी झाली होती. मग एका शिक्षकांच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं. वेळ वाढत वाढत सकाळी पाऊण तास, रात्री पाऊण तास झाला. सगळा वेळ श्वासावर. तिसऱ्या महिन्यापासून बसल्यावर छातीत धडधडतं. श्वास आपोआप चालत नाही, आपणच तो ओढायला हवा असं वाटतं, आणि हे आता मीटिंगमध्ये, पोळ्या लाटतानाही होतं. पहाटे तीनला जाग येते. कधी कधी सगळं काचेपलीकडे चाललंय असं वाटतं, स्वतःचा आवाजसुद्धा दुसऱ्या कुणाचा वाटतो. बारा वर्षांची मुलगी म्हणाली, “आई, तू ऐकतेस, पण तुला काहीच होत नाही.” शिक्षक म्हणतात, “जुनं साचलेलं बाहेर पडतंय, शुभलक्षण आहे, थांबू नका.” नवरा म्हणतो, “बंद कर हे खूळ.” दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवसांच्या मौन शिबिरात जागा मिळाली आहे.

पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये वडील कोविडने गेले. बेड मिळेपर्यंत दीड दिवस घरीच सिलिंडरवर होते आणि या त्यांच्या उशाशी बसून श्वास मोजत होत्या, “पण ते आता मागे पडलंय.”

त्यांचे प्रश्न असे: “मी चुकीचं ध्यान करतेय का? शिबिराला जाऊ का? ता. क. मुलीची एकाग्रता कमी आहे, तिलाही ॲप लावून देऊ का?”

*

नमस्कार.

शिबिराचं आधी सांगते, कारण त्याला तारीख आहे. या दिवाळीत जाऊ नका. आजच केंद्राला दोन ओळींचा मेल टाका: प्रकृतीच्या कारणाने येऊ शकत नाही, माझी जागा प्रतीक्षा यादीतल्या कुणाला द्यावी. यापेक्षा जास्त खुलासा करायची गरज नाही.

शिबिरं वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. ज्याची झोप, जेवण, मन यांची घडी ठीक बसलेली आहे, त्याला तिथून पुष्कळ मिळू शकतं. पण अशा शिबिरात पहाटे चारला उठायचं असतं, दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक असते, फोन जमा होतो, कुणाशी बोलायचं नसतं. तुम्हाला आत्ता रोजचा दीड तास जड जातो आहे आणि पहाटे तीनला झोप तुटते आहे. त्यावर दहा तास चढवायचे, आणि रात्री घाबरं झालं तर हात धरायला घरचं माणूस जवळ नाही, हे मला सुरक्षित वाटत नाही. शिबिरांच्या अर्जात मानसिक त्रास आणि चालू औषधं यांबद्दल प्रश्न असतात ते याचसाठी. प्रवेश मिळणार नाही या भीतीने काही जण तिथे ‘नाही’ लिहून मोकळे होतात. कृपा करून कुणीही तसं करू नये. तो रकाना तुमच्याच रक्षणासाठी आहे.

आता ‘मी चुकीचं करतेय का?’ या प्रश्नाकडे येऊ. ध्यान नीट केलं तर त्रास होणारच नाही आणि त्रास झाला म्हणजे आपलंच कुठेतरी चुकलं, असं तुम्ही यात धरून चालला आहात. तुमचं पत्र वाचताना मला उलटंच दिसलं. सांगितलं तसंच, मन लावून, एकही दिवस न चुकवता तुम्ही बसलात. त्रास बहुधा त्यातूनच झाला आहे. कसा, ते जरा खोलात जाऊन बघू, कारण कारण कळलं की निम्मी भीती जाते.

आत्ता हे वाचताना आपली जीभ तोंडात कुठे टेकली आहे याकडे लक्ष द्या. मिनिटभर ती जागेवर नीट बसणार नाही. जीभ बिघडलेली नसते, तुम्ही तिच्यावर पहारा बसवलेला असतो. श्वासाचंही असंच आहे, फक्त तिथे गुंतागुंत जास्त. श्वास मेंदूच्या देठातून आपोआप चालतो, पण हवा तेव्हा आपल्याला तो हातातही घेता येतो. ‘नुसता बघा’ म्हटलं तरी बघता बघता माणूस नकळत तो हातात घेतो, थोडा खोल करतो, थोडा जलद करतो. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या किंचित आकसतात. मग ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आसपासचं खोटं वाटू लागतं. आणि गंमत नाही, शिक्षाच म्हणावी अशी गोष्ट म्हणजे, याच वेळी ‘श्वास पुरत नाही’ असं वाटतं. म्हणून आणखी खोल ओढला जातो आणि फेरा वाढतो. अशा वेळी ‘डीप ब्रीद घे’ हा आपल्याकडचा आवडता सल्ला नेमका उलटा पडतो. मोठा श्वास घेऊ नका. नाकाने साधा, लहान श्वास घ्या, सोडताना घेण्यापेक्षा थोडा जास्त वेळ लावा, आणि उठून चालायला लागा. पावलं मोजा, श्वास मोजू नका.

दुसरा भाग त्या काचेचा. मानसोपचारात याला डीपर्सनलायझेशन आणि डीरिअलायझेशन म्हणतात, म्हणजे आपण आपल्यापासून, किंवा जग आपल्यापासून तुटल्यासारखं वाटणं. हे अनुभव फार घाबरवतात, पण ‘मला वेड लागतंय’ याची ती खूण नव्हे. असं वाटतंय हे तुम्हाला कळतं आहे, हाच मोठा फरक आहे. ध्यानात तुम्ही जे शिकलात ते असं की विचार आला तर बघा, भावना आली तर बघा, प्रतिक्रिया देऊ नका. साहेबांचा खवचट मेल आला तर हे कसब कामी येतं. पण रोज दीड तास घोटलेली सवय उरलेल्या साडेबावीस तासांत मुरणारच. मुलगी शाळेतलं काहीतरी हसत सांगायला येते आणि तुम्ही तिच्याकडेही बघत राहता, नुसतं बघत. तिचं वाक्य मी तीनदा वाचलं. तुमच्या सगळ्या पत्रात तिच्याइतकं अचूक निदान दुसऱ्या कुणाचं नाही.

झोपेबद्दल एकच सांगते. सजगता म्हणजे जागेपणाचाच सराव. अमेरिकेतल्या संशोधक विलोबी ब्रिटन यांनी २०१० मध्ये प्रयोगशाळेत झोप मोजून पाहिली, तेव्हा नैराश्यासाठी सजगतेचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम केलेल्यांची झोप उलट हलकी आणि तुटक झालेली आढळली. ज्यांचा घरचा सराव जास्त, त्यांच्यात हे जास्त. त्यामुळे रात्रीची बैठक आजपासून बंद. आणि पहाटे तीनला जाग आली तर अंथरुणात श्वास बघत पडू नका. उठा, मंद दिवा लावा, कपाटातला एखादा कप्पा आवरा, झोप आली की परत आडव्या व्हा.

असं फक्त तुम्हालाच होतंय असं वाटत असेल तर तो समजही काढून टाका. २०२० साली मिगेल फारियास आणि सहकाऱ्यांनी ८३ अभ्यासांचा, ६,७०३ लोकांचा आढावा घेतला. ध्यानातून त्रास झाल्याचं प्रमाण ८.३ टक्के निघालं, त्यात चिंता आणि नैराश्य सर्वांत वर. प्रयोगांमध्ये हा आकडा ३.७ टक्के होता आणि निरीक्षणात्मक अभ्यासांमध्ये ३३.२ टक्के. इतकी तफावत का, याचं मला पटणारं कारण साधं आहे. विचारलंच नाही तर लोक सांगत नाहीत, आणि प्रयोगांमध्ये कोण मुद्दाम विचारतं? याच आढाव्यात असंही म्हटलं आहे की हे प्रमाण बोलण्याच्या मानसोपचारातल्या दुष्परिणामांच्या जवळपास आहे. म्हणजे ध्यान हे विष नव्हे. पण ज्या गोष्टीचा परिणाम होतो तिचा दुष्परिणामही होऊ शकतो, आणि तिला मात्रा असते. ब्राउन विद्यापीठात जॅरेड लिंडाल आणि याच विलोबी ब्रिटन यांनी २०१७ मध्ये साधकांच्या आणि शिक्षकांच्या मुलाखतींमधून अशा अवघड अनुभवांचे ५९ प्रकार नोंदवले: भीती, निद्रानाश, प्रकाश-आवाज सहन न होणं, अंग आपोआप हलणं, भावना बोथट होणं. त्यातल्या बऱ्याच जणांना आधी कुठलाही मानसिक आजार नव्हता.

मात्रेचा विषय निघालाच आहे तर तो ‘पाऊण तास’ कुठून आला तेही बघा. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. आठवड्याला अडीच तासांच्या आसपास वर्ग, घरी रोज ४५ मिनिटं, आणि एक दिवस पूर्ण मौनाचा. पण ती ४५ मिनिटं नुसत्या श्वासाची नव्हती. शरीरावरून लक्ष फिरवणं, हलकी योगासनं, बसणं असं आलटून पालटून होतं, आणि दर आठवड्याला समोर बसलेला शिक्षक ‘कसं चाललंय’ विचारत होता. तुमच्याकडे आकडा तेवढा आला, तोही दुप्पट होऊन.

आणि आता ते जाता जाता लिहिलेलं वाक्य.

तुम्ही लिहिता, ते मागे पडलंय. पडलं असेलही. पण दीड दिवस तुम्ही वडिलांच्या उशाशी बसून त्यांचा श्वास मोजलात. बोटाला ऑक्सिमीटर, डोळे छातीवर, एक श्वास गेला की दुसरा येईल ना याची वाट बघत. त्या दिवसांत पुण्यात हजारो घरांत हेच चाललं होतं. तुमच्या शरीराने तेव्हा एक गोष्ट घट्ट शिकून ठेवली: श्वासाकडे टक लावून बघायचं ते काहीतरी भयंकर होणार असतं तेव्हा. आणि तीन महिने, रोज दोनदा, डोळे मिटून, शांत खोलीत ॲप तुम्हाला सांगतं, श्वास मोजा. एक... दोन...

छातीत धडधडणार नाही तर काय होईल?

ध्यान शिकवणारे पुष्कळ जण श्वासाला तटस्थ समजतात. तो सगळ्यांकडे असतो, फुकट असतो, कुणालाच त्याचं वावडं नसणार, असं धरलेलं असतं. पण दम्याच्या माणसाला, पाण्यात बुडता बुडता वाचलेल्याला, पॅनिकचे झटके येणाऱ्याला, आणि तुमच्यासारख्या कित्येकांना, ज्यांनी २०२१ मध्ये कुणाचा तरी शेवटचा श्वास पाहिला, त्यांना श्वास तटस्थ नाही. तसंच ज्यांच्यावर शारीरिक अत्याचार झाला आहे त्यांना ‘पायापासून डोक्यापर्यंत शरीरावरून लक्ष फिरवा’ ही सूचना तटस्थ नसते. हा मनाचा कमकुवतपणा नव्हे, शरीराची चोख स्मरणशक्ती आहे. वडिलांबद्दलचं तुमचं हे दुःख समोर यायला बघत असेल तर येऊ द्या. पण त्याला माणूस समोर लागतो. ॲपसमोर, डोळे मिटून, एकट्याने ते पेलायचं नसतं. शोक आणि आघात यांवर काम करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे आठ-दहा भेटींची तयारी ठेवून जा, आणि पहिल्याच भेटीत हे श्वास मोजण्याचं सांगा. त्यांना दिशा लगेच कळेल.

तुमच्या शिक्षकांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण ‘त्रास होतोय म्हणजे शुद्धी होतेय’ या म्हणण्यात एक अडचण आहे. बरं वाटलं तर साधना लागू पडली, वाईट वाटलं तर अधिकच लागू पडली. मग थांबायचं कधी, हे त्यातून कधीच कळणार नाही. त्रासातून काही वेळा पुढे काही उमलतं, हे खरं. पण झोप उडालेली, काम अडलेलं, मुलीपासून दुरावलेलं, अशा अवस्थेत ‘थांबू नका’ हा सल्ला मी कुणालाही देणार नाही.

शिवाय हा सल्ला परंपरेलाही धरून नाही. पतंजलींनी योगसूत्रांच्या समाधिपादात चित्ताला विचलित करणारे नऊ अंतराय, म्हणजे अडथळे सांगितले आणि त्यांच्या सोबतीने काय येतं तेही सांगितलं: दुःख, दौर्मनस्य म्हणजे मनाची खिन्नता, अंगमेजयत्व म्हणजे अंग कापणं, आणि विस्कटलेला श्वास-प्रश्वास. याला त्यांनी शुभलक्षण म्हटलं नाही, विक्षेपाचे, म्हणजे चित्त विस्कटण्याचे सोबती म्हटलं. आणि पुढे उपाय देताना एकामागून एक सहा सूत्रांत ‘वा’ येतो. किंवा हे, किंवा ते. श्वास त्या सहांतला एक, आणि शेवटचा पर्याय ‘यथाभिमतध्यानाद्वा’, म्हणजे ज्याला जे रुचेल, मानवेल त्याच्या ध्यानाने. हा ‘वा’ आपल्या ॲपमधून गळून गेला आहे. तो परत घ्या.

नवऱ्याच्या म्हणण्यावरही दोन शब्द. ‘खूळ’ हा शब्द मला पटला नाही, पण त्यांना काळजी वाटते आहे हे स्पष्ट आहे. सुरुवातीच्या दहा मिनिटांनी तुम्हाला बरं वाटलं होतं, ते खोटं नव्हतं. म्हणजे तुमच्यापुढे सोडा किंवा रेटा असे दोनच रस्ते नाहीत. मी सुचवेन ते असं.

पहिले दोन आठवडे श्वासावरचं ध्यान पूर्ण बंद. अचानक बंद केल्याने शरीराला अपाय होत नाही. अपराधी वाटेल, दिवस चुकल्याचं ॲप आठवण करून देईल, म्हणून त्याच्या सूचना बंद करा. मोकळ्या झालेल्या सकाळच्या पाऊण तासात घराबाहेर पडा. कोथरूडहून वेताळ टेकडी जवळ आहे, नाहीतर जवळची कुठलीही बाग चालेल. चालताना कानात काही नको आणि नजर खाली नको. दूरवर बघा, झाडं बघा, येणाऱ्या-जाणाऱ्या ओळखीच्यांशी बोला. चढ असेल तर उत्तम, कारण मांड्यांना लागलेली कळ माणसाला फार पटकन देहात परत आणते. काच वितळायला लक्ष आतून बाहेर वळवावं लागतं, म्हणून हाताला काम देणारी, आवाज असलेली, कुणाच्या तरी सोबतीची कामं निवडा: कणीक मळणं, कुंड्यांची माती उकरणं, मोठ्याने पाढे किंवा हरिपाठ म्हणणं, मुलीबरोबर कॅरम. मोठ्याने म्हणण्याचा एक फायदा असा की आवाज काढताना श्वास आपोआप लांब सुटतो आणि त्याच्याकडे बघावं लागत नाही.

जेवण चुकवू नका. रिकाम्या पोटीची थरथर आणि घाबरल्याची थरथर शरीराला सारखीच वाटते. चहा-कॉफी दुपारी दोननंतर नको, निदान या दोन आठवड्यांत.

भर मीटिंगमध्ये ती काच आली तर तळपाय जमिनीवर दाबा, टेबलाची कड दोन्ही हातांनी दहा सेकंद घट्ट धरा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या, गार पाण्याचा घोट घ्या. आणि ‘गेली का, गेली का’ असं तपासू नका. तपासणं हेच तिचं खाद्य आहे.

या दोन आठवड्यांतच फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन या. धडधड, झोप न लागणं, बेचैनी यामागे थायरॉइड वाढलेलं असू शकतं, हिमोग्लोबिन कमी असू शकतं. शाकाहारी असाल तर बी-१२ सुद्धा बघून घ्या. एक ईसीजी काढा. सगळं ध्यानाच्या माथी मारून खरं कारण सुटू नये. डॉक्टरांना सांगताना ‘टेन्शन आहे’ म्हणू नका. कागदावर लिहून न्या: कधीपासून, रोज किती मिनिटं ध्यान, कुठल्या प्रकारचं, त्रास बसल्यावर किती मिनिटांनी सुरू होतो, नंतर किती तास टिकतो, झोप किती तास. एवढ्या एका पानावर निम्मं निदान होतं.

दोन-तीन आठवड्यांत झोप आणि काच दोन्हीत फरक पडायला हवा. पडला नाही, किंवा काच दिवसदिवस टिकू लागली, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ससूनमध्ये मनोविकार विभाग आहे, खर्चासाठी अडायला नको.

काही गोष्टींना मात्र तीन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं. हे घरच्यांनीही वाचून ठेवावं, कारण ज्याला होतं त्याला बरेचदा कळत नाही. सलग दोन रात्री जेमतेम दोन-तीन तास झोप होऊनही थकवा नाही, उलट अंगात वीज भरल्यासारखं, बोलणं सुसाट, आपल्याला काही विशेष साक्षात्कार झालाय अशी खात्री. कुणी नसताना आवाज ऐकू येणं. लोक आपल्याविरुद्ध आहेत असं वाटणं. जेवणखाण सोडणं. जीव नकोसा होणं किंवा जगण्यात अर्थ नाही असं वारंवार मनात येणं. यातलं काहीही दिसलं तर ध्यान थांबवा, माणसाला एकटं सोडू नका आणि डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, फुकट मिळते. जीव धोक्यात आहे असं वाटलं तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालयात न्या.

ज्यांना स्वतःला किंवा सख्ख्या नात्यात बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया आहे, ज्यांच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे, ज्यांची मनाची औषधं नुकतीच सुरू झाली किंवा बदलली आहेत, त्यांनी लांब शिबिरं आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नयेत. आणि शिबिराला जायचं म्हणून किंवा ‘आता ध्यान करतो ना’ म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करणं, ही मला या विषयातली सर्वांत घातक चूक वाटते.

पुन्हा सुरू करायचं का? करायचंच असा नेम नाही. पण करावंसं वाटलं, झोप किमान दोन आठवडे ताळ्यावर असेल, तर असं करा. दिवसातून एकदा, सकाळी, पाच मिनिटं. डोळे अर्धे उघडे, नजर समोरच्या जमिनीवर. खुर्चीवर, पाठ टेकून. लक्ष श्वासावर नको. एकमेकांवर ठेवलेल्या तळहातांची ऊब, किंवा जमिनीला टेकलेले तळपाय, किंवा खिडकीबाहेरचे आवाज: पाखरं, रिक्षा, खालच्या मजल्यावरची कुकरची शिट्टी. बसण्याआधी स्वतःला विचारा, शून्य ते दहात बेचैनी किती? चारच्या वर असेल तर त्या दिवशी बसू नका, चालून या. बसल्यावर सहाच्या वर गेली तर तिथेच उठा, वेळ पुरी करायची नाही. आठवडाभर ठीक गेलं तर दोन मिनिटं वाढवा. १५-२० मिनिटांवर थांबा. त्रासाशिवाय जमतात ती वीस मिनिटं तुमच्यासाठी पुरेशी आहेत, त्यापुढे जास्त केलं म्हणजे जास्त मिळतं असं नाही. आणि मुलीला महिन्याने विचारा, मी ऐकतेय का. मोजमापाला तिच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही.

शिक्षक निवडताना, किंवा आत्ताच्यांकडे परत जाताना, थेट विचारा: कुणाला त्रास झाला तर तुम्ही काय करता? नाव घालण्याआधी आजार आणि औषधं विचारता का? श्वास सोडून दुसरं काही देता का? डोळे उघडे ठेवून बसलं तर चालेल का? कुणाला डॉक्टरकडे पाठवलं आहे का? ‘आमच्याकडे कुणालाच त्रास होत नाही’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा.

एक राहिलं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण पत्राच्या कडेकडेने दिसतं: घरी पोचायला आठ, मग रात्री दहाला अमेरिकेचे कॉल, आणि त्यानंतरची ती पाऊण तासाची बैठक. कंपनीने ताणावर उपाय म्हणून ध्यान शिकवलं, ताण तसाच ठेवला. कुठलीही बैठक रात्री अकरापर्यंतच्या कामाची भरपाई करू शकत नाही. आठवड्यातले दोन रात्रीचे कॉल दुसऱ्या कुणाकडे देता येतील का, हे या आठवड्यात मॅनेजरला लेखी विचारा. डॉक्टरांनी झोपेबद्दल चिठ्ठी दिली तर ती जोडा. तुमच्या बऱ्या होण्यात हा मेल ध्यानापेक्षा मोठा वाटा उचलेल, असं मला खरोखर वाटतं.

आणि मुलीचं ॲप. नको. ब्रिटनमध्ये ११ ते १४ वर्षांच्या आठ हजारांहून अधिक मुलांवर शाळेत माइंडफुलनेस शिकवण्याचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. नेहमीच्या शिकवणीपेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही, आणि ज्या मुलांना मानसिक त्रासाचा धोका आधीच जास्त होता ती किंचित मागेच पडली. बारा वर्षांच्या मुलीची एकाग्रता कमी वाटत असेल तर आधी तिची झोप मोजा, डोळे तपासा, फोन किती वेळ हातात असतो ते बघा, आणि वर्गशिक्षिकांशी बोला. शक्य झालं तर रविवारी सकाळी टेकडीवर तिला बरोबर घ्या. वाटेत ती काही सांगायला लागली तर थांबून तिच्याकडे वळा, आणि जे वाटेल ते चेहऱ्यावर येऊ द्या.